दोन्ही संघांचा व्यवस्थापक

माझी कायम नोकरी मी उसाच्या मोळ्या बांधून मिळवली, असं मी आयुष्यभर मिरवत आलो. लग्नकार्यात, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, नव्याने लागलेल्या प्राध्यापकांना दम भरताना. "तुमी परीक्षा देऊन आलात, आमी फडात राबून ऑर्डर घेतलीय," असं म्हटलं की समोरचा गप बसायचा. या गोष्टीतला माझ्या मित्राचा भाग मी हळूच गाळायचो. आता दोघंही निवृत्त झालो, दोघांचेही गुडघे गेले, तेव्हा तो भाग सांगायला हरकत नाही.

आम्ही दोघं एकाच विद्यापीठातले. शारीरिक शिक्षणाच्या विभागात एकाच वर्षी होतो आणि वसतिगृहात एकाच खोलीत राहायचो. तो गेवराईकडचा, मी मांजरसुंब्याजवळच्या एका खेड्यातला. त्याचं घर मेंढरं राखणारं, आमचं कोरडवाहू शेतीवरचं. खोलीत पहिल्याच दिवशी त्याने माझी सतरंजी ओढून स्वतःखाली घेतली आणि जमिनीवर झोपल्याने पाठ सरळ राहते, असं मला शास्त्र सांगितलं. वर्षभर माझी पाठ सरळ राहिली.

त्याला एक वाईट खोड होती. समोर खेळ चालू आहे आणि कुणीतरी चुकतंय, असं दिसलं की त्याच्याने गप बसवायचं नाही. खेळ कुठला, बाजू कुणाची, आपला संबंध काय, काही बघायचा नाही. एकदा मुलींच्या वसतिगृहाच्या मैदानात थ्रोबॉल चालला होता आणि हा कुंपणाबाहेर सायकल धरून दोन्हीकडच्या मुलींना ओरडून सूचना देत उभा. रेक्टरबाईंनी शिपाई पाठवला, तर हा त्या शिपायालाच समजावून सांगायला लागला की मागच्या ओळीतल्या मुलीचा पाय कसा चुकीचा पडतोय. विभागप्रमुखांसमोर त्याच्या वतीने माफी मी मागितली. तो स्वतः काही मागेना.

पुढे नशिबाने आम्हाला एकाच संस्थेत आणून टाकलं. संस्थेची दोन कॉलेजं होती, एक माझ्याकडे आणि एक त्याच्याकडे. संस्थेचे अध्यक्ष हेच सहकारी साखर कारखान्याचेही अध्यक्ष. त्यांना सगळा मुलूख साहेब म्हणायचा, आम्हीही म्हणायचो. आम्ही दोघंही हंगामी होतो, म्हणजे उन्हाळा आला की घरी बसायचं आणि जूनमध्ये साहेबांच्या ओसरीवर पुन्हा जाऊन उभं राहायचं. मग एके दिवशी कळलं की दोन्ही कॉलेजांत मिळून क्रीडा शिक्षकाचं एकच कायम पद मंजूर होणार आहे. साहेबांनी आम्हाला समोरासमोर बसवून चहा पाजला आणि म्हणाले, "तुमी दोघंबी आपलेच. मी कुणाला डावं-उजवं करणार न्हाई. यंदा कबड्डीची ढाल जो आणील, त्याची ऑर्डर."

बाहेर आल्यावर मित्र म्हणाला, "आता काय करायचं बे?"

"काय करायचं म्हणजे? खेळायचं," मी म्हणालो.

मी तापट माणूस. त्या वेळी तर नोकरीच्या नावानं माझं डोकं चोवीस तास गरम असायचं. खरं तर त्या पदाची गरज माझ्यापेक्षा त्याला जास्त होती, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं. ते दुष्काळाचं लागोपाठ दुसरं साल. चारा नाही म्हणून त्याच्या घरची मेंढरं एकेक करून बाजारात गेली होती. त्याचा बाप रिकामी काठी घेऊन पारावर बसलेला असायचा. आमच्याकडे निदान विहिरीच्या तळाला पाणी होतं. पण मी हा विचार मनात फार वेळ टिकू दिला नाही.

माझा संघ चांगला होता आणि त्यातला एक चढाईपटू तर हिराच. लांबसडक हात, बोलायला मुखदुर्बळ, पण समोरच्याच्या अंगणात शिरला की अंगात वारं आल्यासारखा. दिवाळीच्या आधी सरावाला तो दिसेना. चौकशी केली तर कळलं, ऊसतोडीला गेला. आमच्या जिल्ह्यात यात नवल काहीच नाही. पाऊस बरा असला तरी निम्मं गाव कोयता घेऊन पश्चिमेकडच्या कारखान्यांवर जातं, आणि त्या साली तर गावात म्हातारी माणसं आणि कुत्री तेवढी उरली होती. ऊसतोडीत जोडी लागते. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या आणि वाहायच्या. बहुतेक नवरा-बायको असतात. या पोराच्या आईचा पाय मोडलेला, म्हणून बापाबरोबर जोडीला हा गेला होता.

स्पर्धेला पाच दिवस उरले होते. बाकीचा संघ शिपायाबरोबर स्पर्धेच्या गावी परस्पर पाठवायचं ठरवलं आणि मी एसटी धरून पोराला आणायला निघालो. तीन गाड्या बदलल्या, पुढे उसाच्या ट्रॅक्टरवर बसलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फडात पोचलो. चहूकडे हिरवागार ऊस आणि पाटाला खळाळतं पाणी. आमच्याकडे घागरीसाठी बाया टँकरपुढे भांडत होत्या. ते पाणी बघून मला आनंद व्हायचा सोडून रागच आला.

पोरगं मला बघून मोळी टाकून पळत आलं. पण टोळीचा मुकादम काही ऐकेना.

"मास्तर, पोरगं न्यायला माझी ना न्हाई. पर जोडी मोडती. त्याचा बाप एकला काय करंल? गाडी भरायची कुणी? हाताला हात द्या आन् घिऊन जा."

टोळीत हीच रीत होती. कुणाला गावी जायचं असलं, बाळंतपण असलं, मयत असली, तरी बदली माणूस उभा केल्याशिवाय जाता येत नसे. मी इकडेतिकडे बघितलं. बदली माणूस कुठून आणणार?

"मी राहतो," मी म्हणालो.

मुकादम माझ्या इस्त्रीच्या पँटकडे बघून इतका हसला की त्याला ठसका लागला. पण शब्द दिला म्हटल्यावर फिरला नाही. एकदा मी आत पाऊल टाकलं की पोरगं परत येईपर्यंत मी टोळीचा. मग माझ्या लक्षात आलं की मी इथे राहिलो तर संघाबरोबर व्यवस्थापक कोण? व्यवस्थापकाची सही नसली तर संघाची नोंदणी होत नाही, सरळ बाद. मी बिडीच्या बंडलाचा कागद घेतला आणि त्याच्यामागे मित्राला चिठ्ठी लिहिली. "मी फडात अडकलोय. माझ्या पोरांच्या नोंदणीला सही कर. पोरं तुझ्या हवाली." चिठ्ठी पोराच्या खिशात घातली आणि त्याला ट्रॅक्टरवर बसवून दिलं.

आज या चिठ्ठीची मला लाज वाटते, तेव्हा वाटली नाही. ज्याच्याशी माझी लढत, ज्याची भाकरी मी हिसकावून घ्यायला निघालेलो, त्यालाच मी हक्कानं सांगत होतो की माझा संघ उभा कर. त्याने चिठ्ठी फाडून टाकली असती तर कुणाला कळलंही नसतं. माझा संघ बाद आणि त्याचा मार्ग मोकळा. तो असं करणार नाही, ही माझी खात्री होती.

पोरगं परत येईपर्यंत आठवडाभर मी मोळ्या बांधल्या. विद्यापीठात माझा शरीररचनाशास्त्रात पहिला नंबर होता. फडात पहिल्या तासाभरात कळलं की कंबर नावाचा अवयव मला कुणी शिकवलाच नव्हता. उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पानांना वाढं म्हणतात, त्यालाच पीळ देऊन मोळी आवळायची असते. माझी मोळी डोक्यावर घेतली की निम्म्या वाटेत सुटायची. टोळीतल्या बायांनी माझी सालं काढली.

"मास्तर, ही मोळी हाय का बाळंतिणीचं गाठुडं?"

"शाळेत काय शिकवता वं पोरांना?"

"पळायला शिकिवतो," मी म्हणालो.

"मंग पळा की मोळी घिऊन!"

पोराचा बाप मात्र एकदाही हसला नाही. तो तोडत पुढे जायचा आणि मी मागे फार राहिलो की काही न बोलता वळून चार मोळ्या बांधून टाकायचा. उसाच्या पात्यांनी माझे हात रक्ताळले तेव्हा त्याने आपल्या डोक्याचं फडकं फाडून मला गुंडाळून दिलं. "पोरगं जिकंल का?" एवढं एकदाच विचारलं त्याने. जिंकेल म्हणालो. त्याने मान हलवली आणि पुन्हा कोयता घेतला. त्या माणसाची आठवण आली की अजून मला भरून येतं.

आता स्पर्धेकडे काय झालं ते सांगतो. मी तिथे नव्हतो, हे सगळं मला माझ्या पोरांनी सांगितलं आणि पुढे कितीतरी वर्षं ज्याने त्याने आपापल्या परीने सांगितलं.

मित्राने चिठ्ठी वाचली, माझ्या नावाने एक कचकचीत शिवी हासडली आणि दोन्ही संघांच्या अर्जांवर व्यवस्थापक म्हणून सही केली. एकाच संस्थेची कॉलेजं म्हणून आयोजकांनी चालवून घेतलं. मैदान भिजवायला तिथेही पाणी नव्हतं. कडक जमिनीवर पोरांचे गुडघे फुटू नयेत म्हणून कारखान्यातून बगॅस, म्हणजे पिळलेल्या उसाचा भुसा, आणून पसरला होता. अंगाला खाज आणि नाकात शिंका. पंच शिट्टी वाजवायच्या आधी शिंकायचे.

आणि व्हायचं तेच झालं. अंतिम सामना माझा संघ विरुद्ध त्याचा संघ.

मित्र अर्थातच आपल्या पोरांच्या बाजूला बसला. त्यांना त्याने आमच्या चढाईपटूची प्रत्येक लकब शिकवून ठेवली होती. पहिल्या डावात आमचा हिरा चार वेळा पकडला गेला. त्याच्या संघाचा डावा कोपरा सांभाळणारा पोरगा भलताच चपळ होता, घोटा धरायचा तो सोडायचाच नाही. मध्यंतराला आम्ही अकरा गुणांनी मागे. म्हणजे वीस मिनिटांनी माझ्या मित्राच्या घरी कायम नोकरी येणार, हे मैदानावरच्या शेंबड्या पोरालाही दिसत होतं.

मध्यंतरात त्याची पोरं त्याच्याभोवती बसली. माझी पोरं समोरच्या कडेला नुसती उभी होती. शिपाई त्यांच्यासाठी पाणी शोधायला गेला होता तो परतलाच नव्हता. मित्राने आपल्या पोरांजवळची पाण्याची कळशी उचलली आणि माझ्या पोरांकडे गेला. पोरं पाणी प्यायली. हा परत फिरला, दोन पावलं टाकली, आणि थांबला.

माझा चढाईपटू सांगायचा, "सर, ते थांबले आन् आपल्याच कपाळावर हात मारून घेतला. मंग म्हणाले, येड्या, तो डावा कोपरा तुझ्या पहिल्या हुलकावणीलाच झडप घालतो. तू पहिल्यांदा नुसतं दाखव. तो खाली गेला की मंग जा."

बस्स, एवढंच. सांगून हा परत आपल्या जागेवर येऊन बसला आणि उरलेली वीस मिनिटं नुसता बघत राहिला. माझ्या पोराने पहिल्यांदा नुसतं दाखवलं. कोपरा खाली गेला. पोरगं गुण घेऊन परत आलं. पुन्हा दाखवलं, पुन्हा कोपरा फसला. मग कोपरा बिचकला आणि जागेवरून हलेना, तेव्हा पोराने बोनस रेषा ओलांडून फुकटचे गुण घ्यायला सुरुवात केली. आम्ही दोन गुणांनी जिंकलो.

मध्यंतरात तो काय सांगून आला, ते सामना संपल्यावर त्याच्या पोरांना कळलं. परतीच्या एसटीत त्याच्याशी कुणी बोललं नाही. तो डावा कोपरा सांभाळणारा पोरगा मागच्या सीटवर तोंड झाकून रडत होता. मित्र त्याच्याजवळ जाऊन बसला, तर तो उठून उभा राहिला आणि तसाच उभ्याने घरापर्यंत आला. मित्राला त्या प्रसंगातलं एवढंच सलतं. मला त्याने कितीदा तरी सांगितलंय, "नोकरीचं काय न्हाई बे. त्या पोराचा म्या घात केला." पुढे तो पोरगा पोलिसात गेला, फौजदार झाला. मित्राच्या निवृत्तीला गणवेशात आला, पाया पडला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "सर, मला आजवर एकानंच पाडलं. तुमी." मित्र हसता हसता रडायला लागला.

मी फडातून परतलो तो थेट साहेबांकडे. ऑर्डर माझ्या नावाची तयार होती. पेढे घेऊन मित्राच्या घरी गेलो. त्याचा बाप पारावरून उठून आला, त्यानेही पेढा घेतला.  मी रागानंच विचारलं, "कावून सांगितलंस बे? तुला कुणी सांगितलं होतं?"

"म्या ठरवून थोडंच सांगितलं? पाणी द्यायला गेलतो," तो म्हणाला. "तुझी पोरं समदी माझ्याच तोंडाकडं बघत हुती बे. लई वंगाळ वाटलं." मग दुसरा पेढा उचलून म्हणाला, "तू बारीक झालास. फडात लई हाणलं वाटतं बायांनी."

माझी नोकरी सुरू झाली आणि त्याची हंगामी नोकरी त्या वर्षी संपली. साहेबांनी त्याला कारखान्याच्या शाळेत खेळाचा मास्तर म्हणून लावून दिलं. कॉलेज कुठे आणि माध्यमिक शाळेतला खेळाचा तास कुठे. वर्षं गेली, पाऊस आणखी आखडता झाला, ऊसच नाही म्हटल्यावर कारखान्याचं धुराडं थंड पडलं. शाळा कशीबशी तगली. ऊसतोडीला गेलेल्यांची पोरं गावात मागे राहतात, त्यांच्यासाठी सहा महिन्यांचं वसतिगृह निघालं. तेही याच्याच गळ्यात पडलं. पोरांना सकाळी उठवायचं, अंघोळ घालायची, आणि मग मैदानात. चिंचेच्या झाडाखाली त्याने कबड्डीचं मैदान आखलं. गावातल्या बायका भांड्यांचं खरकटं पाणी बादलीत साठवून त्याला द्यायच्या, ते पाणी तो मैदानावर शिंपडायचा. मैदानाला आमटीचा वास यायचा.

त्या मैदानातून जी पोरं निघाली ती बारावीनंतर माझ्या कॉलेजात आली. तोच पाठवायचा. सोबत चिठ्ठी असायची: "याचा उजवा पाय पक्का हाय, डावा तू कर." मी डावा करायचो. माझ्या नावावर विभागाच्या ढाली आल्या, विद्यापीठाच्या संघाचा प्रशिक्षक म्हणून मी चार राज्यं हिंडलो, निवड समितीवर बसलो, गळ्यात हार पडले. त्यातल्या निम्म्या पोरांना पहिली पकड त्याने शिकवलेली होती. भाषणात मी त्याचं नाव घ्यायचो, पण ओझरतं, "आमचे स्नेही" वगैरे म्हणून. तो पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचा आणि कार्यक्रम संपला की मला कोपऱ्यात घेऊन सांगायचा की माझ्या संघाचा उजवा मध्यरक्षक कसा चुकीचा उभा राहतोय.

विद्यापीठातली आमची तुकडी दरवर्षी एकदा लिंबागणेशला जमते. दर्शन घ्यायचं, सावलीला बसायचं, पिठलं-भाकरी खायची आणि कुणाची साखर किती, कुणाचा गुडघा बदलला, याची माहिती घ्यायची. सगळे निवृत्त क्रीडा शिक्षक. एके काळी ज्यांच्या शिट्टीने मैदान हलायचं, त्यांना आता मांडी घालता येत नाही, बसायला खुर्ची लागते. गेल्या वर्षी कुणीतरी टूम काढली की प्रत्येकाने उठून आपल्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं यश सांगायचं. मी माझं सांगितलं. यादी लांब होती, सगळ्यांनी वाहवा केली.

मित्राची पाळी आली तेव्हा तो बसूनच म्हणाला, "आपलं काय, आपण एकदाच अंतिम सामना जिकलो. त्यो बी याच्या संघाकडून." हशा पिकला. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी बाकीच्यांना ती गोष्ट सांगितली, चिठ्ठीपासून कळशीपर्यंत. सगळे हसत होते, तोही हसत होता. मी मात्र हातातली भाकरी ताटात ठेवली. इतकी वर्षं गेली आणि हा माणूस अजून ती गोष्ट गंमत म्हणून सांगतोय, आणि मी त्याचे कधी धड आभार मानले नव्हते.

मी उभा राहिलो. म्हणालो, "एक सांगायचं राहिलंय. तुझी चिठ्ठी मला आली असती, तर मी सही केली नसती. तुझा संघ बाद होऊ दिला असता. हे मला त्याच दिवशी फडात ठाऊक होतं, आणि तरी मी तुला चिठ्ठी पाठवली."

 कुणीतरी विषय बदलायला ताकाचा तांब्या पुढे केला.

मित्राने तांब्या घेतला, ताक प्यायला, मिशा पुसल्या. "म्हाईत हाय की मला," तो म्हणाला. "सही तू केली नसतीस. तू लई डोक्याचा माणूस. पर समज, दुसऱ्या कुणी सही केली असती आन् मध्यंतरात माझी पोरं तशी वाऱ्यावर उभी दिसली असती, तर तुझ्यानं बसवलं नसतं. तू बी गेलाच असतास. तेवढं मी वळखतो तुला."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याने माझा हात ओढून मला खाली बसवलं आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. मी मान डोलावली आणि जेवायला लागलो.

मी गेलो नसतो. हाताची घडी घालून माझ्या बाजूला उभा राहिलो असतो आणि पंचांच्या शिट्टीची वाट बघितली असती. हे त्याच्या तोंडावर मला सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिलं.